काशिनाथदादा आणि विलायतेला गेलेली भेंडी

फोन आला तेव्हा माझ्यासमोर टेबलावर पंपाची एक जळालेली मोटार उघडून ठेवली होती. हात काळे होते, म्हणून मी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. शहापूरच्या बाजारपेठेत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. फोन वनितावहिनींचा होता. वहिनी एरवी फोनवर मोठ्याने बोलतात, किन्हवलीपासून शहापूरपर्यंत आवाज आपणच पोचवायचा असल्यासारख्या. त्या दिवशी हळू बोलल्या. "सुधाकरभाऊ, हे गेले. सकाळची गाडी भरून दिली, जेवले, शेडमध्ये खाटेवर पडले... चार वाजता चहाला उठवायला गेले तर उठले नाय."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि पायरीवर बसलो. खोटं कशाला लिहू? पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं, सुटकाच होती. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच काशिनाथदादाला हृदयाचं दुखणं सांगितलं होतं आणि त्याला मरणापेक्षा इस्पितळाची भीती जास्त होती. त्याचे वडील कल्याणच्या एका इस्पितळात पावसाळाभर पडून होते, ते त्याने पाहिलं होतं. आपल्याला तसं नको, एवढंच तो म्हणायचा. तसं झालं नाही. भेंडीचे खोके गाडीत चढवून, डाळभात खाऊन, आपल्याच शेडच्या सावलीत तो गेला. दुःख नंतर आलं, दुसऱ्या दिवशी, तीच मोटार पुन्हा हातात घेतल्यावर. तांब्याची तार कशी ताणायची हे मला त्यानेच शिकवलं होतं.

काशिनाथ भोईर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवलीच्या थोडं अलीकडे. आम्ही दोघं मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कारखान्यात होतो. तिथे टेपरेकॉर्डरच्या छोट्या मोटारी बनत, मुठीत मावतील एवढ्या. मी वाइंडिंगच्या लाइनवर, तो टूलरूममध्ये. टूलरूमवाल्यांचा तेव्हा एक रुबाब असे. खिशात पट्टी, कानाला पेन्सिल. दादाला तो रुबाब कधी जमला नाही. जेवणाच्या सुट्टीत तो आमच्या लाइनवर येऊन बसायचा आणि कोणाची तार कुठे तुटते, का तुटते, हे बघत राहायचा. एकदा माझ्या मशीनचं तार सोडणारं चाक काढून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी घासून, गुळगुळीत करून आणून बसवलं. त्यानंतर माझी तार तुटायची थांबली. मी आभार मानले तर म्हणाला, तार तुझी नव्हती तुटत, चाकाची तुटत होती.

नव्वदीची ती पहिली वर्षं मुरबाडमध्ये काही और होती. देशाचे दरवाजे उघडले, आता आपला माल बाहेर जाणार, बाहेरचा पैसा इथे येणार, असं साहेब लोक सांगत. परदेशी मशीन आलं, त्याला हार घातला. लाइन दोन पाळ्यांत चालायला लागली. चहाच्या टपऱ्या वाढल्या, टेलिफोनचे पिवळे बूथ आले, पोरांनी मोटारसायकली घेतल्या. आमच्या गावातून रोज सकाळी कंपनीच्या गाडीने अकरा माणसं जात आणि गावात त्यांचा मान शिक्षकाच्या बरोबरीचा होता. मला वाटे, हे असंच चालणार. दरवाजा उघडला की त्यातून जाता येतं तसं येताही येतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दादाच्या आलं. त्याने एकदा कल्याणहून बाहेरच्या देशात बनलेला एक टेपरेकॉर्डर विकत आणला. आमच्याकडच्यांपेक्षा तो बराच स्वस्त होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने तो आमच्यासमोर उघडला, आतली मोटार काढली, आमच्या मोटारीशेजारी ठेवली आणि दोन्ही चालू केल्या. आमची गुणगुणत होती. ती दुसरी चालू आहे की नाही हे बोट लावल्याशिवाय कळत नव्हतं. सगळे म्हणाले, स्वस्त माल आहे, सहा महिन्यांत बंद पडेल. दादाने दोन्ही मोटारी बंद केल्या. मग म्हणाला, "स्वस्त हाय म्हणून नाय रे. चांगली हाय. आमी त्यात हरणार." त्या वाक्यावर लोक त्याच्यावर चिडले, काही जण बरेच दिवस बोलले नाहीत. वाईट बातमी आणणाऱ्यावर माणसं चिडतात ती अशी.

पुढच्या दोन-तीन वर्षांत आधी एक पाळी गेली, मग ओव्हरटाइम गेला, मग एका सोमवारी आम्ही गाडीतून उतरलो तर गेटला नोटीस होती. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, लग्न होऊन वर्ष झालेलं. टूलरूममधल्या चौघांना मात्र कंपनीने गुजरातेतल्या आपल्या दुसऱ्या कारखान्यात बोलावलं होतं. पगार, राहायला खोली, सगळं. त्या चौघांत दादा होता.

आता जे लिहितो ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. कारखाना बंद झाल्यावर आठवड्याभराने मी शहापूरला कृषी कार्यालयात काही कामाला गेलो होतो. तिथे ऐकलं की वाशीचे निर्यातदार आपल्या भागात भेंडी शोधत फिरताहेत. आखाती देशांत आपल्याकडची कोवळी भेंडी खूप खपते. भात कापल्यावर आपली जमीन मोकळीच असते आणि आमच्या गावाला बंधाऱ्याचं पाणी मार्चपर्यंत टिकतं. माझ्या डोक्यात ती गोष्ट अशी बसली की मी घरी न जाता थेट दादाच्या ओटीवर गेलो. संध्याकाळ होती, वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी दोन तास बोललो. जगाने आपलं काम नेलं तर आपण जगाला भेंडी विकू, असलं काहीबाही. हात हलवत, घाम पुसत. तू जाऊ नको, तू असशील तर लोक ऐकतील, माझं एकट्याचं कोणी ऐकणार नाही, असंही म्हणालो. दादा गुडघ्याला हात बांधून ऐकत होता. मध्ये एकदा भेंडीला खत कोणतं असं विचारलं, तेव्हा मी कार्यालयात ऐकलेलं ठासून सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "बरं. ऱ्हातो मी." मी घरी गेलो तो उड्या मारतच. माणूस अडवला होता मी... चांगल्या पगाराचा, कारागीर माणूस.

पहिलं वर्ष झकास गेलं. नऊ घरांनी भेंडी लावली. पहाटे तोडणी, सकाळी निवड, दुपारी निर्यातदाराचा टेम्पो, रात्री विमान. डोळखांबकडच्या ठाकूरवाडीतल्या बायका तोडणीला येऊ लागल्या. त्यांची पुढारी जनीबाई. ती आधी दर दिवाळीनंतर घरदार घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, ती त्या वर्षी गेली नाही. भेंडीच्या लवेने हातांना खाज सुटते, म्हणून दादाने सगळ्यांना सुती मोजे आणून दिले. जनीबाई ते पायात घालायचे समजली होती. त्यावर तीच पुढे कितीतरी वर्षं हसायची.

दुसऱ्या वर्षी निर्यातदार म्हणाला, आता विलायतेला पाठवू, तिथे दर जास्त. आम्ही हरखलो. तिथे माल तपासतात, फवारलेल्या औषधाचा अंश चालत नाही, हे त्याने सांगितलं होतं. आम्ही ऐकलं होतं. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. चौथ्या की पाचव्या खेपेला तिकडून कळलं की भेंडीत औषध सापडलं. माल तिथेच नष्ट केला. निर्यातदाराने आमच्या गावाची गाडी बंद केली.

भेंडीचं असं आहे की ती तुमच्यासाठी थांबत नाही. आज बोटाएवढी, परवा वीतभर आणि जून. आमच्या डोळ्यांसमोर मळे जून होत गेले. दादाच्या गोठ्यापुढे ढीग पडले, मग गुरांनीही तोंड फिरवलं. देवळात बैठक बसली. गोऱ्यांचा डाव आहे, त्यांना आपला माल नकोच आहे, असं एक जण म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं, कारण ते पटवून घेणं सोपं होतं. दादा उठला. म्हणाला, "डाव नाय. आमी काल फवारलं न् आज तोडलं. मी पन केलंय. माझ्याच वावरात केलंय." त्यावर जो गोंधळ झाला तो झाला. तूच हे गावात आणलंस, असं त्याला तोंडावर सांगितलं गेलं. मी तिथेच खांबाला टेकून बसलो होतो. हे त्याने नाही, मी आणलं, एवढं वाक्य मला उठून बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

त्याच उन्हाळ्यात मी शहापूरला आलो आणि दुकान टाकलं. बायकोच्या भावाने जागा मिळवून दिली, वाइंडिंग हाताला होतंच. म्हणजे ज्याला मी गुजरातेत जाऊ दिलं नाही, त्याला मी गावात सोडून स्वतः निघून गेलो. वनितावहिनी त्या वर्षी भेंडीची पाटी डोक्यावर घेऊन शहापूरच्या बाजारात बसायच्या. मी दुकानातून बघायचो. चहा पाठवायचो. स्वतः जायचो नाही. गुजरातेत गेलेल्यांपैकी एकाने तिकडे घर बांधल्याचं त्याच सुमारास कानावर आलं... ते ऐकून मला रात्रभर झोप आली नव्हती.

दादाने मात्र त्या वर्षात काय केलं? कृषी अधिकाऱ्याच्या मागे लागला, निर्यातदाराच्या दारात चार वेळा जाऊन बसला, कोणतं औषध मारल्यावर किती दिवस थांबायचं ते लिहून घेतलं. मग उरलेल्या पाच घरांना एक साधा नियम घालून दिला. फवारलं की त्या दिवशी वावराच्या कोपऱ्यात काठीला लाल चिंधी बांधायची. ठरलेले दिवस भरल्यावर चिंधी फक्त दादा उतरवणार. चिंधी आहे तोवर त्या वावरात कोणी तोडणीला शिरायचं नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही तो नियम लांबून दिसायचा.

निर्यातदाराने अखेर एक संधी दिली. विलायतेची एकच खेप, तपासणीत पास झाली तर पुढे बघू, नाहीतर तुमच्या गावाचं नाव कायमचं काढलं. योगायोगाने त्या सकाळी मी तिथे होतो. भारनियमनाच्या येण्याजाण्यात दादाचा पंप जळला होता आणि तो बघायला मी पहाटेच स्कूटरवर आलो होतो. टेम्पो उभा होता, निम्मे खोके भरले होते. बायका शेवटच्या मोठ्या मळ्याकडे निघाल्या. तिथली चिंधी उतरलेली होती. मळ्याचा मालक गावातला वजनदार माणूस, तो बांधावर उभा होता. जनीबाई पहिल्या सरीत शिरली, एक पान उलटं करून नाकाशी नेलं आणि बाहेर आली. म्हणाली, "ह्या वावरात नाय तोडायची. पाल्याला दवा हाय."

मालक तिच्यावर ओरडला. कालची ठाकरीण आम्हाला शेती शिकवते काय, असं बरंच काही. जनीबाई मोजे काढून उभी राहिली, तिच्यामागे बाकीच्या बायकाही. दादा आला. चिंधी त्याने उतरवली नव्हती. मालकाने शपथ घेतली की दिवस भरले आहेत, तुला सांगायचं राहिलं एवढंच. टेम्पोवाला घाई करत होता. तो मळा सोडला तर खेप अर्धीच जाणार होती आणि अर्धी खेप निर्यातदार घेईल की नाही याची खात्री नव्हती. पाच घरांचं वर्ष त्या टेम्पोत होतं. मला आतून वाटत होतं, घे रे दादा, एवढ्यात काय होतंय... दादाने मालकाकडे पाहिलंही नाही. जनीबाईला विचारलं, "नक्की?" तिने मान हलवली. तो टेम्पोवाल्याला म्हणाला, "लाव फाळका. हाय तेवढीच न्यायची."

त्यानंतरचे दिवस दादाने कसे काढले ते मी पाहिलं, कारण मी पंपाचं निमित्त करून रोज जात होतो. तो नुसता सऱ्यांमधून फिरायचा. गावात कुजबुज होती की एका बाईच्या नाकावर गाव बुडवलं. आठव्या की नवव्या दिवशी गावच्या टेलिफोन बूथवर निरोप आला. मी आणि दादा दोघेही धावत गेलो. पलीकडून निर्यातदार काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. दादा नुसता हं, हं करत होता. मग रिसीव्हर ठेवला आणि बूथच्या बाहेर, रस्त्याकडेच्या मातीत, पांढऱ्या लेंग्यासकट खाली बसला. मला वाटलं, गेलं सगळं. त्याने माझ्याकडे वर पाहिलं. "पास झाली रे सुदा. काय नाय सापडलं." आणि मग, "च्या मिळंल का कुठं?"

त्या दिवशी जनीबाईच्या पाड्यावर तो स्वतः चालत गेला होता, हे मला नंतर तिनेच सांगितलं.

पुढे सगळं सोन्याचं झालं असं नाही. विजेचे तास बदलत, गाडी अडकली तर शेडमध्ये माल गरम होई आणि मालाला गारव्यात ठेवायची सोय जवळपास कुठेच नव्हती. कधी विमानात जागा नसे. तिकडचे नियम दर दोन वर्षांनी बदलत आणि बदललेले आम्हाला सगळ्यांत शेवटी कळत. काहींनी जमिनी फार्महाउसवाल्यांना देऊन टाकल्या. पण भेंडी चालू राहिली, आसपासच्या सहा-सात गावांनी लाल चिंधी उचलली, आणि तो मळ्याचा मालक त्यानंतर तिसऱ्या वर्षी स्वतःच्या पायांनी दादाकडे आला. मी दादाचे पंप दुरुस्त करत राहिलो. भेटायचो, जेवायचो, हसायचो. पण माझ्या मनातली ती गोष्ट मी बोललो नाही. दर वेळी निघताना ठरवायचो, पुढच्या खेपेला सांगू. दादा, तुला मी अडवलं आणि मी पळालो, एवढंच सांगायचं होतं. आणि मग तो फोन आला.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर मी वहिनींपाशी बसलो आणि ते त्यांना सांगितलं. ज्याला सांगायचं तो नव्हता, निदान त्याच्या माणसाला तरी. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं.

"तुमी आलात ना भाऊ त्या सांजच्याला," त्या म्हणाल्या, "त्याच्या आदल्या दिवशीच हे कंपनीला 'गुजरातेत नाय येत' असं सांगून आले होते. येताना वाशीला जाऊन मार्केट बघून आले. भेंडीचे खोके बघून आले. मला दाखवायला पिशवीत चार भेंड्या पन आनल्या होत्या."

मग मला दोन तास का बोलू दिलं, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, मीही तेच विचारलं होतं, तुमी गेल्यावर. तेव्हा दादा म्हणाला होता की सुदाच्या हातून काम गेलंय, तो घाबरलाय. मला त्याने थांबवलं असं त्याला वाटलं तर उद्या सकाळी उठून कामाला लागेल. खताचं विचारलं ते पण त्याला बरं वाटावं म्हणून.

"आणि मी शहापूरला गेलो ते?"

"त्याचं काय? म्हनाले, बरं झालं. सगळ्यांनीच भेंडी लावली तर पंप कोन बघणार?"

बारा वर्षांचं ओझं त्या ओटीवर मी खाली ठेवलं. रडलो, आणि वहिनींनी रडू दिलं. गुजरातेचं त्याला कधी वाईट वाटलं का, हेही विचारलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्या वर्षी एकदा, तो माल तिकडे नष्ट केला तेव्हा. एक दिवस. मग नाय.

मग मी शेडमध्ये गेलो. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. निवडीच्या टेबलावर, खिळ्याला सुतळीने बांधलेली एक ॲल्युमिनियमची पट्टी लोंबत होती, मधोमध एक खाच कापलेली, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. टूलरूममध्ये आम्ही याला गेज म्हणायचो. भेंडी त्या खाचेत बसली तर खोक्यात, नाही तर बाजूला. जनीबाई तिथे उद्याच्या मालासाठी खोके जुळवत होती. ती म्हणाली, आता आमी हे वापरत नाय, डोळ्यालाच कळतं. पण काढलं पण नाय.

टेबलाच्या कोपऱ्यात सकाळची एक भेंडी राहून गेली होती. मी ती उचलली आणि खाचेत धरली. ना ढिली, ना घट्ट. मी ती तशीच थोडा वेळ धरून उभा राहिलो.